हडपसरचा खारा बन आणि तात्यांचा सवाल



या पानावर नेहमी लागण, खोडवा आणि खताचे हप्ते येतात. या खेपेस आम्ही बेकरीच्या फराळाबद्दल लिहीत आहोत. असे का, ते शेवटी कळेलच.

जुलै २०२५ मध्ये गटातील बारा सभासदांना घेऊन आम्ही मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहण्यास गेलो होतो. वाटेत हमरस्त्यावरच्या एका झगमगीत हॉटेलात चहा-वडे घेतले. वडे गार, तेल कालचे. चालकासह आम्ही चौदा जण, बिल झाले १,५४० रुपये. आमच्यातले वडीलधारे सभासद तात्या म्हणाले, "साहेब, एवढ्यात घरचा आठवडे बाजार झाला असता!" सगळे हसले खरे, पण मनाला लागलेच.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा पोटात पुन्हा कावळे ओरडू लागले. तात्यांची लेक हडपसरला दिलेली आहे. ते म्हणाले, "पोरीच्या घराजवळ अय्यंगाराची बेकरी हाय. तिथं थांबू."

दुकान गल्लीच्या तोंडाशी. बसायला खुर्ची नाही. पुढे काचेच्या बरण्या, मागे भट्टी. फळीपाशी पाळी संपवून आलेले कामगार, शाळेची पोरे आणि दुधाची पिशवी घेतलेल्या बाया. एवढी वर्दळ बघूनच आम्ही ओळखले की इथला माल पडून राहत नसणार.

आम्ही पॅटिस आणि खारा बन मागितला. पॅटिसच्या पापुद्र्यात बटाट्याची तिखट भाजी, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. खाऱ्या बनच्या पिठातच कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर मळलेली असते. तात्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "हे तर आपलं थालीपीठच की, भट्टीत घातलेलं!" पॅटिस २५ रुपये, बन २० रुपये आणि शेजारच्या टपरीवरचा चहा १० रुपये. चौदा जणांचे ७७० रुपये झाले, म्हणजे सकाळच्या बरोबर निम्मे.

या बेकऱ्यांचे मूळ कर्नाटकात आहे. बंगलोरच्या चिकपेठेत १८९८ साली तिरुमलाचार यांनी बेकरी काढली, ती या परंपरेतली पहिली मानतात. पुढे हासन जिल्ह्यातली अनेक कुटुंबे या धंद्यात उतरली आणि पुण्या-मुंबईच्या उपनगरांपर्यंत पोहोचली. अय्यंगार शाकाहारी, म्हणून या बेकऱ्या बिनअंड्याच्या मालासाठी ओळखल्या जातात. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पण त्याला कांदा-मिरचीची चव इथल्या माणसाने दिली. म्हणून हा फराळ अस्सल आपलाच म्हणायचा.

बंगलोरकडच्या या बेकऱ्यांत मसाला लावलेल्या शेंगदाण्याच्या डाळीला 'काँग्रेस' म्हणतात. १९६९ साली पक्षाची दोन शकले झाली, तशी दाण्याची दोन दले होतात म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. हे ऐकून आमच्या मंडळींत जी चर्चा रंगली ती इथे छापण्याजोगी नाही!

मैदा आणि डालडा हा काही रोजचा आहार नव्हे. पण शहरात कामाने जाणे झाले तर एवढे पाहावे: भट्टी दुकानातच आहे का, ट्रे किती वाजता बाहेर येतो आणि आसपासची कष्टकरी माणसे तिथे घेतात का. तिन्ही जमले तर खुशाल खावे.

तात्यांनी मालकांना विचारले, "अण्णा, उरलेल्या मालाचं काय करता?"

मालक म्हणाले, "कालचा पाव आज पाव म्हणून विकत नाही. कापून पुन्हा भाजतो, त्याचा टोस्ट होतो. तो टोस्ट म्हणूनच विकतो. पॅटिस तर उरतच नाही. गिऱ्हाईक पाचला येतं, ट्रे पावणेपाचला काढतो."

तात्या आमच्याकडे वळले. "साहेब, भट्टी बंद असली तर हे पीठ मळतील का हो?"

आम्ही काय समजायचे ते समजलो. जानेवारी २०२५ मध्ये तात्यांच्या अडसालीची तोड झाली आणि ऊस तीन दिवस फडातच पडून राहिला. तोडीची तारीख आम्हीच दिली होती आणि गाडी आम्हीच वेळेवर पाठवू शकलो नव्हतो. तात्या तेव्हा काही बोलले नव्हते. बेकरीच्या फळीपाशी आमच्याकडे उत्तर नव्हते.

तुटलेला ऊस वाळून वजन घटते आणि त्यातली साखरही मोडते. वजनाचा तोटा एकट्या सभासदाचा, उताऱ्याचा तोटा सर्वांचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरवला आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एका पॅटिसाहून जास्तच, आणि तेही प्रत्येक टनामागे!

म्हणून २०२५-२६ पासून आमच्या गटात गाडी ठरल्याशिवाय तोडीची चिठ्ठी द्यावयाची नाही, असे आम्ही ठरवले आहे. सभासदांनीही पाचट, माती व वाढे न ठेवता ऊस स्वच्छ द्यावा. तोडीनंतर २४ तासांत तो गव्हाणीत पडला पाहिजे. त्याच दिवशी गाडी आली नाही तर संकोच न करता गट कार्यालयात येऊन आम्हाला जाब विचारावा.

निघताना तात्यांनी नातवंडांसाठी नानकटाईचा पुडा घेतला. गाडीत बसल्यावर त्यांनी पहिली नानकटाई आमच्या हातावर ठेवली.