तारा गप्प का होतो?



भोंग्यावर ज्याचे आयुष्य गेले, त्याला वेळेवर येणाऱ्या आवाजाचे मोल सांगायला नको. आकाशातही असे भोंगे आहेत. १९६७ साली केंब्रिज येथे जॉसेलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३४ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंदन प्रथम आढळले. असा स्पंदक तारा म्हणजे सूर्याहून अधिक वस्तुमान सुमारे २० किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबलेले. तो स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहाच्या उजेडाप्रमाणे त्याचा रेडिओ-झोत आपल्यावरून जातो.

फिरणे नियमित असले तरी आवाज मात्र बदलतो. काही तारे मध्येच गप्प होतात. काहींच्या स्पंदनांचा घाट क्षणात पालटतो. मग गप्प झालेला तारा थंडावला काय? नव्हे. बी १९३१+२४ हा तारा आठवडाभर बोलतो आणि महिनाभर मुका राहतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, मुकेपणी त्याची गती ज्या दराने मंदावते, त्याच्या दीडपट दराने ती बोलताना मंदावते. कारण बोलताना ताऱ्यातून विद्युत्भारित कणांचा प्रवाह बाहेर पडतो आणि तो फिरण्याची शक्ती ओढून नेतो. म्हणजे केवळ आवाज नव्हे, साऱ्या यंत्राची चालच बदलते.

याचा आणखी एक पुरावा आमच्या शेजारचा आहे. सुप्याहून पश्चिमेला, पारनेर तालुका ओलांडला की जुन्नर तालुक्यात खोडद लागते. तेथे व आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २०११ च्या अखेरीस या दुर्बिणीने बी ०९४३+१० या ताऱ्याचा आवाज ऐकला, त्याच वेळी एका उपग्रहाने त्याचे क्ष-किरण मोजले. रेडिओ आवाज क्षीण झाला की क्ष-किरण दुपटीहून अधिक वाढत! हे का घडते, याचा पुरता उलगडा शास्त्रज्ञांना अद्याप झालेला नाही.

आम्ही कामगार चळवळीतले. एका कारखान्यातील एक खाते काही महिने तक्रार करीनासे झाले, तेव्हा सारे सुरळीत आहे असे आम्ही धरून चाललो. पुढे तेथील माणसे एकेक करून काम सोडून गेली, तेव्हा आमची चूक कळली. आम्ही फाटकाशी कान लावून होतो. त्यांच्या घरी गेलो नव्हतो. आवाज थांबला तर दुसऱ्या साधनाने पाहावे, हे खोडदला जाणतात. आम्हांला ते उशिरा कळले.