वऱ्हाडांतील खामगांव : एक कापूसपेठ

वरळींतील गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. त्या चालू होत्या तेव्हां त्यांना रुई कोठून येते, असें विचारल्यास आमच्यापैकीं बहुतेक जण शिवडीच्या वखारींकडे बोट दाखवीत. त्यापलीकडे दृष्टि जात नसे. मुंबईस रुई पुरविणाऱ्या पेठांपैकीं वऱ्हाडांतील खामगांव ही एक.

अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तिकडील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस एकाएकीं मोल चढलें. युद्ध संपतांच भाव कोसळले खरे, पण पेठ टिकली. १८७० सालीं लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्तें जलंब ते खामगांव हा सुमारें आठ मैलांचा लोहमार्ग खुला झाला. एवढी खटपट मुख्यतः कापसासाठीं!

जिनांत सरकी निराळी होई, प्रेसमध्यें रुईच्या गांठी बांधल्या जात. हें सर्व यंत्राचें काम. भाव मात्र माणसें ठरवीत. अशा पेठांतून दलाल व खरीददार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून सौदा करीत. ज्याचा माल तो शेजारींच उभा, आणि भाव त्यालाच दिसत नसे! बाजारास शिस्त लावण्यासाठीं १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कायदा झाला. त्यान्वयें समितींत पांच व्यापारी व नगरपालिकेचे दोन प्रतिनिधि असत. शेतकऱ्यास एकही जागा नव्हती. आम्हांस ही गोष्ट त्या लोहमार्गाहून अधिक लक्षांत ठेवण्याजोगी वाटते. भाव पटला नाहीं, तरी भरलेली बैलगाडी गांवीं परत नेणें त्याला परवडत नसे.