दोष कर्णधाराचा की रचनेचा?

2025 च्या आयपीएलमध्ये चेन्नई सुपर किंग्ज 14 पैकी केवळ 4 सामने जिंकून प्रथमच तळाला गेली, तेव्हा आमच्या पेरुंगुडीत एकच प्रश्न होता : दोष कोणाचा? मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. पुण्याचा ऋतुराज गायकवाड जायबंदी झाल्यावर महेंद्रसिंह धोनीने सूत्रे हाती घेतली, तरी घसरण थांबली नाही.

2020 मध्ये सातव्या आलेल्या या संघाने अनुभवी खेळाडूंचा गाभा राखला आणि 2021 मध्ये विजेतेपद मिळवले. विश्वासातून स्थैर्य, स्थैर्यातून यश आणि यशातून पुन्हा विश्वास, असे हे चक्र. मात्र माझ्या मते त्याच चक्रात नवोदितांची जागा आक्रसते आणि त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते.

हा विलंब पेरुंगुडीला परिचित आहे. लगतच्या पल्लिकरणै पाणथळीत शहराने वर्षानुवर्षे कचरा आणि भराव टाकला. पाणी सामावून घेण्याची तिची क्षमता किती घटली, हे 2015 च्या पुरात कळले. दोन्हीकडे आपत्ती एका हंगामाची, कारणे अनेक वर्षांची. म्हणून क्लब असो वा महापालिका, केवळ प्रमुख बदलून भागत नाही; आजच्या निर्णयाचे परिणाम केव्हा आणि कोठे उमटतील, याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था हवी.