धांव आणि मातृसेवा

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांची पायदौड. लंडन शहरीं ती १९८१ पासून भरते. नुसत्या धांवण्यानें पैसा कसा जमतो, अशी शंका येणें साहजिक आहे. धर्मादाय संस्था या शर्यतींतील कांहीं जागा विकत घेतात. तेथें धांवणारा ठराविक वर्गणी मिळविण्याचें वचन देतो व आप्तेष्टांपुढें झोळी पसरतो. १९९२ सालीं सेंट टॉमस रुग्णालयांतील दोघां प्रसूतितज्ज्ञांनीं स्थापिलेली ‘टॉमीज’ ही त्यांपैकींच एक. गर्भ गळणें, मृत बालक जन्मणें, अकालीं प्रसूति होणें, यांस दैव म्हणून सोडून देणें त्यांस मान्य नव्हतें. जमलेला पैसा कारणांच्या संशोधनासाठीं खर्चिला जातो. धांवणारी कित्येकदां स्वतःच अपत्य गमावलेली माता असते. तिच्या सदऱ्यावर त्या बाळाचें नांव लिहिलेलें आढळतें.