बेदाणे, रिबिनी आणि घरातला कुत्रा

या सदरात एरवी माणसांच्या दुखण्यांविषयी लिहिले जाते. दिवाळीच्या तोंडावर एक आठवडा जनावरांच्या डॉक्टरला जागा द्यावी असे संपादकांना वाटले आणि मी लगेच होकार दिला. फराळाच्या आठ-दहा दिवसांत माझ्या दवाखान्यात जी कुत्री येतात, त्यांतली बरीचशी काहीतरी खाऊन आलेली असतात. आणि ते खाणे आपल्याच स्वयंपाकघरातले किंवा भेटवस्तूंच्या पिशवीतले असते.

दिवाळीच्या आधीचे घर कुत्र्याच्या नजरेने पाहा. रोज ओट्यावर होणारा स्वयंपाक जमिनीवर येतो. करंज्या लाटायला चार बायका पाट घेऊन खाली बसतात, चकल्या कागदावर पसरतात, लाडवांचे ताट पंख्याखाली निवत ठेवलेले असते. दुसऱ्या खोलीत सतरंजीवर भाऊबीजेच्या वस्तू, रंगीत कागद, चिकटपट्टी, जरीच्या रिबिनी, नातेवाइकांकडे द्यायचे सुक्या मेव्याचे खोके. म्हणजे सगळा मामला बरोबर त्याच्या नाकाच्या उंचीवर. त्यात घरच्यांना वेळ नसल्याने त्याचे सकाळचे फिरणे बुडालेले असते. तो मधे मधे करतो म्हणून आपण त्याला रागावतो, पण त्याच्याकडे दुसरा उद्योगच शिल्लक राहिलेला नसतो.

शिवाय त्याचे नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या १० कोटींहून अधिक. आपल्याला बेसन भाजल्याचा एकच वास येतो, तेव्हा त्याला तूप, वेलदोडा, जायफळ आणि झाकण लावलेल्या डब्यातला बेदाणा हे सगळे वेगवेगळे कळते. जिभेवरच्या चव घेणाऱ्या गाठी मात्र आपल्याला ९ हजारांच्या घरात, तर त्याला १,७०० च्या आसपास. म्हणून चवीने खाणे वगैरे प्रकार नाही. हुंगले, उचलले, गिळले. नको ते आहे हे कळेपर्यंत ते पोटात गेलेले असते.

आता बेदाण्याचे सांगतो, कारण त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो.

१९९८ सालची दिवाळी. माझा दवाखाना नवा होता. शाळेतले एक गुरुजी मोती नावाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा घेऊन आले. बरोबर त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. मोती दोन दिवस ओकत होता, अन्नाला तोंड लावत नव्हता आणि आदल्या संध्याकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती. मी उंदराच्या औषधाबद्दल विचारले, शेतातल्या फवारणीबद्दल विचारले. गुरुजी नाही म्हणाले. तेव्हा मुलगा मधेच बोलला, "डॉक्टरकाका, त्याने रव्याच्या लाडवांसाठी आणलेले बेदाणे खाल्ले. अख्खी पुडी." मी हसलो. "अरे, बेदाण्याने काय होतंय? आपण नाही का खात?" असे म्हणून मी सलाईन लावले. रक्त माणसांच्या लॅबमध्ये पाठवले, तर युरिया भलताच वाढलेला. मूत्रपिंडे बंद पडली होती. पाडव्याच्या दिवशी मोती गेला. माझ्या वहीत मी लिहिले : विषबाधा, कारण अज्ञात.

कारण त्या मुलाने सांगितले होते. पण आम्हाला कॉलेजात ते कोणी शिकवलेले नव्हते, आणि खरे तर जगातच ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्यावर कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातील डॉक्टरांनी तिथल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात २००१ साली मांडले. मी ते वाचले आणखी काही वर्षांनी. वाचल्यावर जुनी वही काढून ते पान पाहिले, एवढेच सांगतो.

द्राक्षातला नेमका कोणता घटक हे करतो, ते पुढची वीस वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. २०२१ साली तिथल्याच डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. धागा मिळाला तोही गमतीदार. एका कुत्र्याने लहान मुलांचा घरी केलेला मळीव गोळा खाल्ला होता, आणि त्यात क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे याच आम्लाचा क्षार, घातलेला होता. त्या कुत्र्याची मूत्रपिंडे अगदी द्राक्षे खाल्ल्यासारखी बिघडली. हेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते. तेव्हा चिंचेचा गोळाही कुत्र्याच्या आवाक्यात ठेवू नये.

आमचा भाग द्राक्षांचा. हे मी कुठे बोललो की एक तरी बागायतदार उठून म्हणतो, "डॉक्टर, आमच्या शेडवरची कुत्री रोज बेदाणे खातात, काही झालं नाही आजवर." त्यांचे म्हणणे खोटे नाही. काही कुत्री मूठभर खाऊन खडखडीत राहतात आणि काही थोडक्यात जातात. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांप्रमाणे त्यातले आम्ल कमीजास्त असते, आणि प्रत्येक कुत्र्याचे शरीर वेगळे. म्हणून इतक्या वजनाला इतके बेदाणे चालतील, असा हिशेब कोणालाही मांडता येत नाही. माझ्यासमोर येणारा कुत्रा कोणत्या जातीतला, हे तिसऱ्या दिवशी कळते, आणि तिसरा दिवस फार उशिराचा असतो. खाल्ल्यानंतर पहिल्या दिवसात उलट्या, मग मरगळ, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. आधीच आणला तर उलटी करवून आणि दोन दिवस सलाईन देऊन बहुतेक कुत्री वाचतात. रव्याचा लाडू, बेसनाच्या लाडवावर टोचलेला एक दाणा, करंजीचे सारण, गोड चिवडा, सगळीकडे बेदाणा आहे हे लक्षात असू द्या. एका दाण्याने घाबरून जाऊ नका, पण तो दाणा मुद्दाम भरवूही नका. नाताळात वसईकडे आणि गोव्यात केकसाठी बेदाणे-मनुका रममध्ये भिजत घालतात. कुत्र्याच्या दृष्टीने तो दुहेरी धोका. पावासाठी यीस्ट घालून मळलेले कच्चे पीठही तसेच : ते पोटाच्या उबेत फुगते आणि त्यातून मद्यार्क तयार होतो.

चॉकलेटबद्दल आता बऱ्याच जणांना माहीत असते, पण अर्धवट. त्यात थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. आपले शरीर ते काही तासांत निचरून टाकते. कुत्र्याच्या शरीरात १७-१८ तासांनीही त्यातले निम्मे शिल्लक असते. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये हे साधारण २०० मिलिग्रॅम असते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने तेवढी वडी खाल्ली तर तो जेमतेम पहिल्या पायरीवर येतो. काळ्या, कडू चॉकलेटची तेवढीच वडी मात्र त्याला झटक्यांपर्यंत नेऊ शकते, आणि कोको पावडर सर्वांत जहाल. हल्ली दिवाळीच्या भेटीत मिठाईऐवजी चॉकलेटचे खोके फार येतात, कधी बेदाणे घातलेले. मधुमेही काकांसाठी आणलेली बिनसाखरेची मिठाई किंवा च्युइंगम असेल, तर वेष्टनावर झायलिटॉल हा शब्द आहे का पाहा. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याची रक्तातली साखर त्याने अर्ध्या तासात कोसळू शकते, पुढे यकृतही जाऊ शकते. झायलिटॉल असेल तर सकाळपर्यंत वाट पाहायची सोय नाही.

चिवड्यातला तळलेला कांदा आणि लसणीची शेव यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. एखाद्या कणाने काही होत नाही, पण डबाच उपडा झाला तर चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसतात, आणि तोवर चिवडा सगळे विसरलेले असतात. तळणाचे वेगळेच. ज्या कागदावर चकल्या पसरता तो तेल पितो, आणि कुत्रा तो कागद खातो. (तो कागद बहुधा याच वर्तमानपत्राचा असतो, पण छपाईची शाई माणसांच्या चकलीलाही चांगली नाही, तेव्हा साधा कोरा कागद घ्यावा.) एकदम खूप तेल-तूप पोटात गेले की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकलेली आणि मागचा भाग वर, असा कुत्रा वारंवार उभा राहू लागला आणि ओकत असला तर त्याचे पोट दुखते आहे असे समजा.

आता रिबिनी. भेटवस्तू बांधताना उरलेले जरीचे तुकडे, मिठाईच्या खोक्याचा दोरा, तोरणातली चमकी. तुकडा लहान असेल तर विष्ठेतून पडतो. लांब असेल तर त्याचे एक टोक जठराच्या तोंडाशी अडकते आणि बाकीचा आतड्यात पुढे जातो. आतडे तो पुढे ढकलू पाहते, दोरा हलत नाही, मग आतडेच दोऱ्यावर गोळा होत जाते. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला जशा चुण्या पडतात, अगदी तशा. पोट उघडल्यावर मी त्या पाहिल्या आहेत. ताणलेली रिबीन आतड्याला आतून करवतीसारखी कापते. मागून दोरा लोंबताना दिसला तर घरोघरी पहिला उपाय होतो तो ओढण्याचा. कृपा करून ओढू नका. लोंबणारा भाग हवा तर कात्रीने आखूड करा आणि तसेच दवाखान्यात या. साध्या एक्स-रेमध्ये दोरा दिसत नाही, तेव्हा 'रिबीन कमी भरते आहे' हे तुमचे एक वाक्य मला एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी पडते. मिणमिणत्या दिव्यांच्या शोभेच्या वस्तूंतली बटणासारखी बॅटरी गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. तेव्हाही लगेच निघावे.

तोंडात काही धरले असेल तर 'अरे टाक, टाक' करत मागे धावू नका. पाठलाग झाला की तो गिळतो. शांतपणे भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून अदलाबदल करा. 'सोड' हा शब्द दिवाळीच्या आधी महिनाभर रोज दोन मिनिटे शिकवला तर बहुतेक कुत्री शिकतात. फराळाच्या दिवशी आधी त्याला लांब फिरवून आणावे, पोटभर खाऊ घालावे, मग कढई चढवावी. दुसऱ्या खोलीत चघळायला गाजर दिले तरी पुष्कळांचे भागते. उन्हात बांधून ठेवणे हा उपाय मला पसंत नाही.

खाल्लेच, तर लक्षणांची वाट पाहू नका. काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचे वजन काय, एवढे फोनवर सांगा. वेष्टन बरोबर आणा. पहिल्या दोन तासांत उलटी करवली तर बराच माल बाहेर येतो. ती घरी करवू नका. मिठाचे पाणी पाजण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण त्याने रक्तातले क्षार वाढून कुत्रा दगावू शकतो. दूध, तूप, एरंडेल यांनीही विष उतरत नाही. आणि सुटीत कोणता दवाखाना उघडा आहे, त्याचा नंबर वसुबारसेच्या आतच विचारून फराळाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा.

गेल्या वर्षी एक वहिनी पाऊण तासात पोचल्या. लाडू वळायला घेतलेल्या हातांनीच, पदराला रवा. त्यांच्या लॅब्रॅडॉरने अर्ध्या परातीचा फडशा पाडला होता. इंजेक्शन दिल्यावर त्याने जे काढले त्यात आम्ही दोघांनी मिळून २३ बेदाणे मोजले. दोन दिवस सलाईन लावायचे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, बेदाण्यांसाठी एवढं?" मी त्यांना मोतीची गोष्ट सांगितली. त्या मग काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रक्ताचा तपास अगदी व्यवस्थित आला, आणि पेशंट माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटे आहेत का ते पाहत होता.