लंडनहून एक दिवस बाहेर – पण जायचं कुठे?



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या घरोघरी एकच विषय निघतो. पाहुणे आले आहेत, मुलं घरात आहेत, एक दिवस लंडनच्या बाहेर जाऊ या. पण कुठे? कोणी विंडसर म्हणतं, कोणी ऑक्सफर्ड, कोणी बाथ. चहा थंड होतो आणि ठरत काहीच नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडेही असंच झालं. त्यातून आम्ही जे शिकलो ते सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझी थोरली बहीण, आमची ताई, दिमोनाहून दहा दिवसांसाठी आली होती. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. विमानतळावरच तिने सांगून टाकलं, "ही माझी शेवटची फेरी. आता पुन्हा विमान नको."

आठ वर्षांपूर्वी ती आली होती, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने कोच टूर घेतली होती. एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ! पैसे वसूल म्हणून आम्ही खूश. झालं काय, तर सकाळी आठला बसमध्ये बसलो ते रात्री उतरलो. स्टोनहेंजला ताईचे पाय सुजले म्हणून ती बसमध्येच राहिली. बाथला जेमतेम दीड तास, त्यातला अर्धा टॉयलेट शोधण्यात गेला. दिमोनाला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, काय पाहिलंस? ताई म्हणाली, "मोटरवे पाहिला. फार लांब आहे." सगळे हसले, पण माझ्या मनाला ते लागून राहिलं. म्हणून या वेळी चुकायचं नाही असं मी ठरवलं.

वार कुठला?

जागेच्या आधी वार ठरवावा. शब्बाथला तर आपण जात नाही. शुक्रवारी घड्याळाकडे बघत फिरावं लागतं. उरला रविवार. पण रविवारी रेल्वेवाले रुळांची कामं काढतात आणि अर्ध्या वाटेत आगगाडीतून उतरवून बसमध्ये बसवतात. म्हातारी माणसं बरोबर असताना हा ताप नको. तेव्हा शाळेच्या सुट्टीतला सोमवार ते गुरुवार उत्तम, आणि सकाळी साडेनऊनंतर निघावं. त्या वेळी तिकीट स्वस्त पडतं. साठीनंतर सीनियर रेलकार्ड काढलं तर तिसरा हिस्सा वाचतो. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पंधरापर्यंत अर्धं. आपला फ्रीडम पास लंडनबाहेर बहुतेक आगगाड्यांना चालत नाही, पण इंग्लंडभर स्थानिक बसला चालतो, आठवड्याच्या दिवशी साडेनऊनंतर. हे पुष्कळांना माहीत नसतं.

नातीचा तक्ता

माझी बारा वर्षांची नात कागद घेऊन बसली. तिने तक्ता केला: किती वेळ, किती पायऱ्या, बसायला जागा, मुलांना गंमत, आणि शेवटचा रकाना 'आपलं काय?' मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आजी, म्हणजे तिथे आपल्याशी काही कनेक्शन आहे का." मला तो रकाना फार आवडला.

विंडसर जवळ आहे, वॉटरलूहून थेट गाडी, तासाभरात पोचतो. किल्ला नऊशे वर्षांहून जुना. पण चढ आहे, आत चालणं खूप, आणि मंगळवार-बुधवारी किल्ला बहुधा बंद असतो.

ऑक्सफर्ड पॅडिंग्टनहून साधारण तासाभराचं. शेवटच्या रकान्यात त्याला चांगले मार्क पडले. तिथली बोटॅनिक गार्डन १६२१ सालची. ती जिथे उभी राहिली तिथे त्यापूर्वी ज्यूंची दफनभूमी होती. १२९० साली राजा पहिला एडवर्ड याने सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं, त्याच्या आधीची. पण ऑक्सफर्ड म्हणजे पायपीट. गल्लीबोळ आणि कॉलेजं चालूनच बघायची.

केंब्रिजच्या ग्रंथालयात कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधून आणलेले लाखाहून जास्त कागद आहेत. त्यांत हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या ज्यूंची आठ-नऊशे वर्षांपूर्वीची पत्रंसुद्धा आहेत. ऐकूनच अंगावर काटा येतो! पण ते असं सहज आत जाऊन बघता येत नाहीत. आणि आठ वर्षांच्या नातवाने जाहीर केलं, "जुने कागद नको."

इतका वेळ ताई गप्प होती. मी म्हटलं, "तुला काय पाहिजे ते तर सांग."

ती म्हणाली, "मला समुद्र पाहायचाय."

मी म्हटलं, "अगं, इस्राएलला समुद्र नाही का?"

"आहे. पण तो तसाच राहतो. पुढे येत नाही, मागे जात नाही. मला भरती-ओहोटीचा पाहिजे. आपल्या रेवदंड्यासारखा."

खरंच, भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पन्नासहून जास्त वर्षं ती नेगेवच्या वाळवंटात राहिली आणि हे तिच्या मनात होतं, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही सगळे तक्ता करत बसलो होतो. जिच्यासाठी जायचं तिला विचारलंच नव्हतं.

साउथएंड की ब्रायटन?

आता दोनच नावं उरली. साउथएंड फेनचर्च स्ट्रीटहून तासाभराचं. तिथला धक्का दोन किलोमीटरहून लांब आहे, करमणुकीच्या धक्क्यांत जगात सर्वांत लांब, आणि त्यावर छोटी आगगाडी धावते. पण ती थेम्सच्या मुखाची जागा. ओहोटी लागली की पाणी फार लांब जातं आणि चिखल उघडा पडतो. ताई म्हणाली, "मग तर अगदी खाडीसारखंच!" पण नातवाला लाटा हव्या होत्या.

ब्रायटन साधारण ऐंशी किलोमीटर. व्हिक्टोरियाहून तासाभरात, सेंट पँक्रस, ब्लॅकफ्रायर्स किंवा लंडन ब्रिजहून थोडा जास्त वेळ, पण थेट. शिवाय नातीने शेवटच्या रकान्यासाठी असं काही शोधून काढलं की सगळे गप्प झाले. ससून डॉकवाला ससून ब्रायटनला वारला!

आमचा दिवस

बुधवारी निघालो. डब्यात चपाती, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी, थर्मासात चहा. तिथे चिप्स सगळीकडे मिळतात, पण कशात तळतात ते विचारत बसावं लागतं. ताई कोशेर पाळते, म्हणून घरचं बरं.

स्टेशनहून समुद्रापर्यंत सरळ उतार आहे. जाताना मजा वाटते, येताना तोच चढ! परतताना बसच घ्यावी. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. नातवाने चपला काढल्या आणि लगेच ऊई ऊई करत पुन्हा घातल्या. ताईला बाकावर बसवलं. पाणी मागे सरकत होतं. ती तासभर काही बोलली नाही. आम्हीही घाई केली नाही. तक्त्यात हा तास कुठेच नव्हता.

मग रॉयल पॅव्हिलियन. पुढे चौथा जॉर्ज राजा झालेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅशने १८१५ ते १८२३ च्या सुमारास हा घुमट-मिनारांचा महाल उभारला. बाहेरून अगदी हिंदुस्थानी. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, इथे जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. निरनिराळ्या धर्म-जातींचे नियम सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं होती. ताई म्हणाली, "म्हणजे त्यांना त्यांचं पाळू दिलं." आणि आपल्या डब्याकडे बघून हसली.

मग मुलांची पाळी. पॅलेस पिअरजवळून समुद्राच्या कडेने व्होल्कची विजेची छोटी गाडी निघते. १८८३ पासून चालते आहे, जगात अजून चालू असलेली सर्वांत जुनी विजेची रेल्वे. साधारण दीड किलोमीटरचा रस्ता. हिवाळ्यात बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी.

पॅस्टन प्लेस

शेवटी टॅक्सी करून केम्प टाउनला पॅस्टन प्लेसच्या कोपऱ्यावर गेलो. तिथे पॅव्हिलियनच्या धाटणीचं एक बसकं, घुमटाचं बांधकाम आहे. सर अल्बर्ट ससूनने १८९२ साली आपल्या थडग्यासाठी ते बांधलं. त्यानेच १८७५ साली कुलाब्याला ससून डॉक बांधला. त्याच वर्षी ब्रायटनच्या मिडल स्ट्रीटचं सुंदर सिनेगॉगही उघडलं. १८९६ साली तो इथे वारला आणि इथेच त्याला ठेवलं. पण १९३३ साली अस्थी लंडनला, विल्सडनला हलवल्या. जागा विकली गेली आणि पुढे तिथे पबचा हॉल झाला.

आम्हा बहिणींना ससून डॉक म्हणजे बाबांबरोबर पहाटे मासळी आणायला जाणं. मी मुलांना ते सांगत होते. ताई मात्र म्हणाली, "हे बगदादी लोक आपल्याला जवळ करत नसत, ठाऊक आहे ना?" खरं आहे. १८३६ साली मुंबईत बगदादी मंडळींनी दफनभूमीत बेने इस्राएलांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालायची मागणी केली होती. तिच्यावर सही करणाऱ्यांत याच अल्बर्टचे वडील डेव्हिड ससून होते.

नातीने विचारलं, "मग मोठी आजी, आपण इथे कशाला आलो?"

ताईने पर्समधून किनाऱ्यावरचा एक गोटा काढला आणि भिंतीच्या कडेला ठेवला, कबरीवर ठेवतात तसा. नात म्हणाली, "पण आत कोणी नाही आता."

"म्हणूनच," ताई म्हणाली. "मुंबईचा माणूस होता. इतक्या लांब आला, तरी त्याला एका जागी राहू दिलं नाही."

संध्याकाळी सहाच्या गाडीने परतलो. नातू गाडीतच झोपला.

तुम्ही ठरवाल तेव्हा

एका दिवसात एकच गाव. आगगाडीचा नव्हे, घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजा. दर तासाला बसायला जागा आणि जवळ टॉयलेट हवं. मुलांसाठी एक गंमत, मोठ्यांसाठी एक निवांत तास. आणि तक्ता करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, तुम्हाला काय पाहायचंय?

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. व्होल्कची गाडी १८८३ साली सुरू झाली, तर आज तिचं वय किती? आणि तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी समुद्र घरापासून किती लांब होता?

ताई आता दिमोनाला आहे. परवा फोनवर म्हणाली, शेजारीण आली होती, विचारत होती या वेळी काय पाहिलंस. मी म्हटलं, मग काय सांगितलंस? ताई म्हणाली, "सांगायला दुपार पुरली नाही. उद्या परत बोलावलंय तिला."