चाकांमधले अंतर : वऱ्हाडातील मोटार, ट्रॅक्टर आणि स्पेसर

वाहनाच्या एकाच आसावर बसलेल्या डाव्या आणि उजव्या टायरांच्या मध्यरेषांमध्ये जे अंतर असते त्याला ट्रॅक रुंदी म्हणतात, आणि वाहन वळणावर किती तोल सांभाळेल, बेअरिंगवर किती भार येईल व चाके जमिनीवरून नेमकी कोठून जातील, हे बऱ्याच अंशी या एका मापावर ठरते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हे माप दोन अगदी निराळ्या हेतूंनी बदलले जाते. मोटारीची ठेवण, म्हणजे तरुण मंडळींच्या बोलण्यातला ‘स्टान्स’, रुबाबदार दिसावी म्हणून चाके बाहेर काढली जातात. आणि सोयाबीनच्या किंवा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांमधून (ओळींमधल्या जागेतून) ट्रॅक्टर पीक न तुडवता जावा म्हणूनही ती आत-बाहेर केली जातात.

मोटारीत हे काम स्पेसर करतो. चाक ज्या फिरत्या भागावर नटांनी आवळले जाते तो हब, आणि हब व रिम यांच्यामध्ये बसणारी, बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकती म्हणजे स्पेसर. २० मिलिमीटर जाडीची चकती दोन्ही बाजूंना बसवली की ट्रॅक रुंदी ४० मिलिमीटरने वाढते आणि मडगार्डच्या आत दडलेले टायर त्याच्या कडेला येऊन भिडते. पातळ चकती हबच्या मूळ स्टडांवरच, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या आटेदार दांड्यांवरच, सरकवली जाते. मात्र तिच्या जाडीइतकी स्टडची लांबी कमी पडत असल्याने, १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडवर नटाचे आटे निदान तेवढ्याच लांबीपर्यंत बसावेत यासाठी अनेकदा लांब स्टड घालावे लागतात. जाड चकती आधी हबवर आवळली जाते आणि तिच्या स्वतःच्या स्टडांवर मग रिम बसते. ही चकती फारच पातळ घेतली तर हबच्या मूळ स्टडांची टोके तिच्याबाहेर डोकावतात आणि रिम सपाट टेकत नाही, म्हणून असे स्पेसर साधारणतः २० ते २५ मिलिमीटरांपासून पुढे मिळतात.

स्पेसर निवडताना दोन मापे तंतोतंत जुळावी लागतात. पहिले पीसीडी, म्हणजे सर्व स्टडांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, आणि दुसरे हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास. ह्युंदाई क्रेटाला पाच स्टड व ११४.३ मिलिमीटरचा पीसीडी असतो, तर हबचा उंचवटा ६७.१ मिलिमीटरचा असतो. चकतीचे मधले छिद्र या उंचवट्यावर घट्ट बसले आणि चकतीलाही बाहेरच्या बाजूस तसाच उंचवटा असला, तरच चाक केंद्रात राहते. केवळ स्टडांच्या आधाराने बसवलेले चाक किंचित सरकलेले राहिले तरी वेगात स्टीअरिंग थरथरते. हबच्या तोंडावरचा गंज घासून काढल्याशिवाय चकती चढवणे हीदेखील मोठी चूक आहे, कारण गंजाच्या थरावर टेकलेली चकती काही दिवसांत बसून जाते आणि नट ढिले पडतात.

चाके बाहेर गेल्याने गाडी स्थिर होते, हा समज अंशतःच खरा आहे. वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारा भार ट्रॅक रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. १५०० मिलिमीटरांची रुंदी ४० मिलिमीटरने वाढवली तर तो तीन टक्क्यांहूनही कमी घटतो, आणि रोजच्या चालवण्यात तो फरक जाणवेलच असे नाही. उलट बाजूचा हिशोब मात्र जड आहे. भाराची रेषा हबमधील बेअरिंगच्या दोन ओळींच्या जवळून जावी असा विचार करूनच निर्माता रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग आणि रिमची मध्यरेषा यांमधील अंतर, ठरवतो. ४५ मिलिमीटरचा ऑफसेट २० च्या चकतीने २५ वर येतो, भार तरफेच्या लांब टोकावर जातो आणि बेअरिंग वाजू लागण्याचा दिवस जवळ येतो. पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तेथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतरही बदलते, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की स्टीअरिंग हाताला जोराने ओढ देते.

वऱ्हाडात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. परंतु महामार्ग सोडून गावाकडे वळले की खाली काळी माती असते, जी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला चाके थोडी बाहेर हवीच असतील, तर योग्य ऑफसेटची रिम घेणे अधिक शहाणपणाचे आहे. बेअरिंगवरचा भार तिनेही वाढतो, पण हब आणि रिम यांमध्ये आणखी एक जोड उभा राहत नाही. कायद्याची बाजूही विसरता येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल अमान्य ठरवला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद झाली.

ट्रॅक्टरचा प्रकार सर्वस्वी वेगळा, कारण तिथे चाकांचे अंतर बदलण्याची सोय निर्मात्यानेच दिलेली असते. अमेरिकेत १९२४ साली आलेल्या फार्मऑलने उभ्या पिकाच्या ओळींवरून चालणारा ट्रॅक्टर रूढ केला, आणि पुढच्या दशकात चाके आसावर सरकवण्याची व्यवस्थाही रुळली. आजच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात रिम आणि बशीसारखी खोलगट डिस्क वेगवेगळी असते; डिस्कची खोली आत किंवा बाहेर ठेवून, रिमचे कान एका किंवा दुसऱ्या बाजूस घेऊन आणि डिस्क त्या कानांच्या अलीकडे वा पलीकडे आवळून एकूण आठ मांडण्या करता येतात. रिम उलटी केली की चाकही डावे-उजवे बदलावे लागते, नाहीतर टायरच्या नक्षीची दिशा चुकते आणि ओल्या मातीत पकड जाते. पुढचा आस भोकांच्या पट्टीवर लांबवता येतो, मात्र त्याबरोबर स्टीअरिंगच्या जोडदांड्याची लांबीही बदलावी लागते.

अंतर किती ठेवायचे, हे इथे पीक ठरवते. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असतात आणि कपाशीत ९० सेंटिमीटरचे अंतर नेहमीचे, म्हणून १८० सेंटिमीटरचा ट्रॅक चार सोयाबीन-अंतरांना आणि दोन कपाशी-अंतरांना एकाच वेळी जुळतो. तरीही १३.६-२८ या मापाचे टायर सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असल्याने ४५ च्या तासात दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच सेंटिमीटर उरतात, आणि चालकाचा हात एवढ्याशा जागेत सरळ राहिला तरच डवरणीत, म्हणजे ओळींमधली माती हलवून तण काढताना, रोपे वाचतात. पऱ्हाटी कमरेएवढी झाली की मोठा ट्रॅक्टर तिच्यावरून जाऊच शकत नाही. मग महिंद्रा युवराज २१५ सारखा १५ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून चालवावा लागतो, आणि त्याची चाके बाहेर नव्हे तर शक्य तितकी आत घेतली जातात. बैलांच्या डवऱ्याचे काम यंत्राकडे जात असताना या आत घेतलेल्या चाकांचे मोल वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतीत तर चाकाची वाट आणि पाण्याची वाट एकच होते: टायर सरीतून जातात, वरंब्यावरची माती दबत नाही आणि जोराच्या पावसाचे पाणी त्याच सरीतून निघून जाते.

दोन्ही कामांत नट आवळण्याची शिस्त मात्र सारखीच लागते. मोटारीचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या जोड्यांत आणि निर्मात्याने सांगितलेल्या मापाला आवळतात व शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासतात. ट्रॅक्टरची चाके फिरवल्यानंतर पहिल्या दिवसाची डवरणी आटोपली, की रिम आणि डिस्क दोन्हींच्या नटांवर पुन्हा पाना फिरवावा लागतो.